नित्याच्या इंग्रजी उक्तींचे मराठी रूपांतर : रायपूरच्या मराठी घराच्या संदर्भात

भाषांतराची चर्चा बहुधा काव्य, नाटक, तत्त्वज्ञान किंवा कायदा यांच्या अनुषंगाने होते. निघताना उंबरठ्यावर उच्चारलेले एखादे वाक्य, पाण्याचा पेला हाती घेताना म्हटलेला एखादा शब्द, गर्दीत धक्का लागला असता तोंडून निघालेले अर्धे वाक्य यांचे भाषांतर हा अभ्यासाचा विषय क्वचितच मानला जातो. वस्तुतः अवघड तेच आहे. ‘थँक यू’, ‘प्लीज’, ‘सॉरी’, ‘एक्स्क्यूज मी’ आणि ‘बाय’ या पाच उक्ती इंग्रजी शाळेत घातलेल्या मुलाला पहिल्या काही दिवसांतच येतात. त्यांचे मराठी मात्र मुरलेल्या भाषांतरकारालाही चटकन सांगता येत नाही. कोश उघडला तर ‘आभार’, ‘कृपया’, ‘क्षमा’ असे शब्द मिळतात. ते शब्द खरे आहेत, शुद्धही आहेत. पण मराठी घरात आई मुलाला पाणी देते तेव्हा ‘आभारी आहे’ असे कोणी म्हणत नाही.

हा प्रश्न पुण्यात किंवा साताऱ्यात जसा उभा राहतो तसाच तो रायपुरात उभा राहत नाही. तेथील मराठी घरात इंग्रजी उक्ती मराठीत येताना बहुधा हिंदीच्या वाटेने येते. शाळेत ‘थँक यू’चा अर्थ हिंदीतून सांगितला जातो, बाजारात हिंदी आणि छत्तीसगढी चालते, आणि मराठी घराच्या चार भिंतींत व सणावारांत उरते. त्यामुळे या शहरात एकेका उक्तीमागे चार भाषांचे हिशेब असतात. भाषांतराचे जे घोटाळे अन्यत्र झाकले जातात ते येथे उघड दिसतात, म्हणून हे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे.

रायपूर आणि मराठी यांचा संबंध जुना आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत यांची स्वारी रतनपुरावर झाली. पुढे बिंबाजी भोसल्यांनी १७८७ पर्यंत रतनपुराहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकाच्या अमलात कारभाराचे ठाणे रायपुरास आले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. तरीही नागपूरशी असलेले नाते तुटले नाही. १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर होती, आणि १९५० च्या राजभाषा अधिनियमाने त्या प्रांताने हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान दिले होते. नोकरी, वकिली, रेल्वे आणि शिक्षण यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येत राहिली. शहरातील महाराष्ट्र मंडळ १९३५ पासूनचे आहे. तात्यापारा या वस्तीच्या नावातला ‘तात्या’ मराठी कानाला आजही ओळखीचा वाटतो. १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात आणि रायपूर मध्य प्रदेशात गेले, २००० मध्ये छत्तीसगड राज्य झाले, आणि रायपूरची मराठी ही मातृप्रांतापासून राजकीयदृष्ट्या पुरती अलग झालेली भाषा ठरली.

या शहराने भाषांतराचा एक थोर कर्ताही पाहिला आहे. माधवराव सप्रे (१८७१-१९२६) यांची मातृभाषा मराठी. १९०० मध्ये त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, आयुष्याचा मोठा काळ रायपुरात घालवला आणि तेथेच त्यांचा अंत झाला. समर्थांचा दासबोध, टिळकांचे गीतारहस्य आणि चिंतामणराव वैद्यांचा महाभारतावरील ग्रंथ हिंदी वाचकाला मिळाला तो सप्र्यांमुळे. ही कामगिरी लहान नव्हे. तथापि तिच्या स्वरूपाकडे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. कर्म, ज्ञान, संन्यास, प्रवृत्ती, निवृत्ती हे शब्द मराठीतून हिंदीत जाताना वेश बदलत नाहीत. शास्त्रीय गद्याला संस्कृतचा पूल आयता मिळतो. सप्र्यांना त्या पुलावरून फार मोठे ओझे न्यायचे होते, आणि ते त्यांनी नेले. परंतु टिळकांच्या ग्रंथात कोणी कोणाकडे पाणी मागत नाही.

घरगुती बोलण्यात हा पूल उपयोगी पडत नाही, उलट काही ठिकाणी तो दगा देतो. ‘शिक्षा’ हा शब्द हिंदीत विद्येचा आणि मराठीत दंडाचा. ‘संसार’ हिंदीत जग, मराठीत घरदार. हिंदी ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीतील ‘आपत्ति’ हा आक्षेप असू शकतो, मराठीत तो अरिष्टच. नात्यांचे शब्द तर अधिक फसवे. मराठीत ‘ताई’ ही थोरली बहीण. हिंदी घरात ‘ताई’ ही वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. छत्तीसगढीत ‘दाई’ म्हणजे आई, मराठीत दाई म्हणजे सुईण किंवा मूल सांभाळणारी. गोलबाजारात भाजीचा पसरा मांडून बसलेल्या वृद्धेला ‘दाई’ म्हणून हाक मारणारे मूल तिला आईचा मान देत असते. घरातील मराठी आजीला मात्र त्या हाकेत काही वेगळेच ऐकू येण्याचा संभव असतो.

आता इंग्रजी उक्तींकडे वळावे आणि त्यांतही निरोपाकडे आधी, कारण मराठीचे वैशिष्ट्य तेथे सर्वांत ठसठशीत आहे. इंग्रजीत निघणारा माणूस ‘मी जातो’ असे सरळ सांगतो किंवा ‘बाय’ म्हणतो. (त्या ‘गुड-बाय’च्या पोटात ‘देव तुझ्यासोबत असो’ हे वाक्य दडलेले आहे, पण आता ते इंग्रजांच्याही ध्यानात नसते.) मराठी माणूस निघताना ‘येतो’ म्हणतो. जाण्याच्या क्षणी येण्याचे क्रियापद वापरण्याची ही रीत मराठीपुरती नाही. बंगाली माणूसही ‘आशि’ म्हणतो आणि तमिळ माणूस ‘जाऊन येतो’ अशा अर्थाचे बोलतो. मराठीत मात्र तिला आणखी एक पदर आहे. घरातील वडीलधाऱ्यांपुढे ‘येतो’ हे विधान न राहता ‘येऊ का?’ असा प्रश्न होतो. म्हणजे इंग्रजीत जे निवेदन आहे त्याचे मराठीत अनुमती मागण्यात रूपांतर करावे लागते. प्रश्न आला की उत्तर येते: ‘या’, ‘ये हं’, ‘सावकाश जा’, ‘पोचल्यावर कळव’. हे उत्तर मिळेपर्यंत निरोप पुरा होत नाही. उठलेला पाहुणाही चपलांपाशी घोटाळत राहतो, तो यासाठीच.

रायपूरच्या घरात हीच उक्ती हिंदीच्या वाटेने येते तेव्हा तिचे काय होते? हिंदीत ‘चलता हूँ’ किंवा ‘जा रहा हूँ’. त्याचे शब्दशः मराठी ‘चाललो’ किंवा ‘जाऊन राहिलो’. यांतील ‘जाऊन राहिलो’ या रूपाला अशुद्ध म्हणून हिणवण्याचे कारण नाही. नागपूर-वऱ्हाडच्या बोलीत ते पूर्वापार आहे आणि रायपूरची मराठी मुख्यतः त्याच बाजूने आलेली आहे. अडचण व्याकरणाची नाही. ‘मी चाललो’ या वाक्यात पुष्कळदा रुसवा किंवा कायमचे निघून जाणे डोकावते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते वाक्य समोरच्याला उत्तराची जागा ठेवत नाही. नातू ‘बाय’ म्हणून जिना उतरतो. ‘बाय’चे उत्तर ‘बाय’ हेच असते. ‘ये हं’ हे शब्द ज्या आजीच्या ओठांवर आयुष्यभर तयार राहिले, तिला ते उच्चारण्याची पाळी येत नाही.

या निरीक्षणातून भाषांतराची एक कसोटी हाती लागते. नित्याची उक्ती ही एकटी नसते. ती जोडीतील अर्धी असते. तिचा अर्थ तिच्यातील शब्दांपेक्षा तिला मिळणाऱ्या उत्तरात अधिक असतो. म्हणून भाषांतर साधले की नाही हे पाहण्यासाठी मूळ शब्दाशी ताडून पाहणे पुरत नाही. भाषांतरित उक्तीला मराठी माणूस स्वाभाविकपणे जे उत्तर देईल ते प्रसंगाला शोभते का, हे पाहावे लागते.

‘थँक यू’ या कसोटीला लावावे. मराठीत ‘आभार’ या शब्दात भार आहे, आणि तो नुसता अक्षरांत नाही. आभार मानले की ऋण मान्य केले. म्हणून सभेच्या शेवटी आभार मानतात, पत्रात मानतात, परक्या माणसाने मोठी मदत केली तर मानतात. घरच्या माणसाला ‘आभारी आहे’ म्हटले तर त्याचे उत्तर ‘अरे, परका समजतोस का?’ असे येते; म्हणजे उक्तीने कृतज्ञतेऐवजी दुरावा पोचवला. मग मराठी माणूस कृतघ्न असतो काय? तसे नाही. ‘बरं झालं हं तू आलास’, ‘तुम्ही होतात म्हणून निभावलं’, ‘हात लागला तुझा’ ही वाक्ये तेच काम करतात, आणि थोरांच्या बाजूने ‘औक्षवंत हो’ हा आशीर्वाद ते करतो. यांतील एकातही आभाराचा शब्द नाही, पण ‘त्यात काय!’ हे योग्य उत्तर प्रत्येकाला मिळते. ‘थँक्यू’ हा शब्द मराठीने जसाच्या तसा का उचलला याचे कारणही येथेच सापडते. ‘आभारी आहे’ फार जड, आणि गप्प राहणे शहरी व्यवहारात उणे वाटू लागलेले. अशा वेळी कोणतेच ऋण न नोंदवणारा हलका परका शब्द सोयीचा पडला. त्याला मराठीची हार समजणे बरोबर नाही.

‘प्लीज’ची कथा याच्या उलट आहे. तेथे मराठीला उसन्याची गरज नव्हती, कारण हे काम मराठीत क्रियापदाची रूपे करतात. दे, दे ना, दे बरं, देतोस का, देशील का जरा, द्या, द्या ना, देता का, द्याल का, द्यावे: सलगीपासून अदबीपर्यंतची ही सारी उतरंड एका ‘दे’ धातूवर उभी आहे. अनोळखी दारात तर मागणारा ‘पाणी मिळेल का?’ असे विचारतो आणि देणाऱ्याचा उल्लेखही टाळतो, म्हणजे नकार देणे त्याला जड जाऊ नये. ‘कृपया’ हा शब्द पाटीवर, फलाटावरील घोषणेत आणि अर्जात राहतो. शालेय वहीत ‘कृपया मला पाणी द्या’ असे भाषांतर दिसते तेव्हा त्यात चूक एकही नसते आणि मराठीही नसते. इंग्रजीची जवळची नातलग असलेल्या डच भाषेतही ही गोष्ट इतकी सरळ नाही. तेथे ‘प्लीज’च्या जागी ‘आल्स्ट्युब्लीफ्ट’ हा आदरार्थी आणि ‘आल्स्येब्लीफ्ट’ हा सलगीचा असे दोन शब्द आहेत, म्हणजे समोरचा माणूस कोण हे आधी ठरवावे लागते. शिवाय वस्तू मागताना जो शब्द, तोच ती हातात ठेवतानाही वापरतात. इंग्रजीत या दुसऱ्या प्रसंगी ‘प्लीज’ म्हणत नाहीत. सख्ख्या शेजारच्या भाषेत ही गत, तर मराठीने एकास एक शब्द शोधत बसण्यात अर्थ नाही.

‘सॉरी’बद्दल थोडक्यात सांगता येईल. इंग्रजीत धक्का लागला तरी ‘सॉरी’, नकार द्यायचा तरी ‘सॉरी’ आणि कोणाच्या घरी मृत्यू झाला तरी ‘सॉरी’. मराठीत पहिल्या प्रसंगी पाय लागला असेल तर शब्दही लागत नाही. हात लावून नमस्काराची खूण केली की झाले. दुसऱ्या प्रसंगी ‘जमणार नाही हो’ पुरते. तिसऱ्या प्रसंगी ‘फार वाईट झालं’. तेथे ‘माफ करा’ म्हणणाऱ्याकडे शोकाकुल घरातील माणसे चमकून पाहतील, कारण ‘माफ करा’ला अपेक्षित उत्तर ‘असू द्या’ हे आहे, आणि ते देण्याची ही वेळ नव्हे.

याहून खोल गुंता इंग्रजी ‘यू’चा आहे. मराठीत तू, तुम्ही, आपण. हिंदीत तू, तुम, आप. दोन्हीकडे तीन पायऱ्या असल्यामुळे त्या समोरासमोर येतात असा भास होतो. प्रत्यक्षात त्या एकेका पायरीने सरकलेल्या आहेत. मराठी ‘तुम्ही’ हा रोजच्या आदराचा शब्द आहे. शिक्षक, शेजारी, सासरे यांना तो पुरतो. हिंदी ‘तुम’ मात्र बरोबरीच्यांसाठी किंवा धाकट्यांसाठी. हिंदीत वाढलेल्या कानाला ‘तुम्ही’ हा ‘तुम’चा भाऊ वाटतो आणि वडीलधाऱ्यांना तो वापरणे उद्धटपणाचे भासते, मग ‘आप’च्या जागी ‘आपण’ येतो. पण मराठीत ‘आपण’ला दुसरेही काम आहे: बोलणारा आणि ऐकणारा दोघे मिळून. ‘आपण बाजारात जाऊ’ आणि ‘आम्ही बाजारात जातो’ यांतील भेद इंग्रजी ‘वी’ आणि हिंदी ‘हम’ या दोघांनाही ठाऊक नाही. ‘आपण केव्हा निघणार?’ या प्रश्नात ऐकणाऱ्याने स्वतःला एकटे समजावे की विचारणाऱ्यासह, हा संभ्रम या घरांत उभा राहतो तो यामुळे. उलट बाजूने, मराठी मूल आईला बिनदिक्कत ‘तू’ म्हणते आणि त्यात अनादराचा लवलेश नसतो. आईला ‘आप’ म्हणणाऱ्या हिंदी घरातील मित्राला मात्र ते खटकते. तेथे ‘तू’चे भाषांतर ‘तू’ असे करणे सर्वांत चुकीचे ठरेल.

‘हॅलो’ या निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दापाशी तर जातीचा आणि इतिहासाचा प्रश्न उभा राहतो. रायपुरात भेटीचे शब्द अनेक आहेत. ‘राम राम’ आहे, सतनामी समाजात ‘जय सतनाम’ आहे, कबीरपंथीयांत ‘साहेब बंदगी’ आहे आणि सर्वत्र ऐकू येणारा ‘जय जोहार’ आहे. ‘जोहार’ हा आदिवासी समाजांचा स्वाभिमानाचा अभिवादनशब्द. छत्तीसगड राज्य झाल्यानंतर तो भाषणांच्या आरंभी, फलकांवर, स्वागताच्या कमानींवर आला आणि राज्याच्या ओळखीचा भाग झाला. मराठी वाचकाला हा शब्द नवा नाही. चोखामेळ्याच्या आणि एकनाथांच्या रचनांत ‘जोहार’ आहे. परंतु मराठी समाजव्यवहारात तो महाराने वरच्या मानल्या गेलेल्या जातींना करावयाचा मुजरा होता. त्याचे उत्तर ‘जोहार’ असे मिळत नसे. ज्या अभिवादनाला तेच अभिवादन परत मिळत नाही ते समानांमधले नव्हे. विसाव्या शतकात आंबेडकरी चळवळीने हा शब्द टाकला आणि त्या जागी ‘जय भीम’ आला. तो रूढ करण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास एल. एन. (१९०४-१९३९) यांना दिले जाते. कामठी हे नागपूरहून रायपुराकडे येणाऱ्या लोहमार्गावरचेच गाव आहे. एकाच मार्गाच्या एका टोकाला जो शब्द अपमानाची खूण म्हणून सोडला गेला, तोच दुसऱ्या टोकाला अभिमानाने उच्चारला जातो. ‘जय जोहार’चे उत्तर ‘जय जोहार’ आहे, आणि तेवढ्यानेच त्याचा दर्जा बदलतो. म्हणून छत्तीसगढीतील ‘जोहार’ मराठीत ‘जोहार’ असाच ठेवणारा भाषांतरकार अक्षर राखतो आणि मान घालवतो. ‘नमस्कार’ हा फिका पर्याय अशा ठिकाणी अधिक प्रामाणिक ठरतो; अथवा मूळ शब्द ठेवून त्याची पार्श्वभूमी मजकुरातच सांगावी.

असाच पेच स्वयंपाकघरातही आहे. रात्री भात पाण्यात भिजत ठेवून सकाळी खायचा, त्याला छत्तीसगडात ‘बासी’ म्हणतात. त्याच दिवशी शिजवलेला भात पाण्यात घातला तर ‘बोरे’. कष्टकऱ्यांचे हे उन्हाळ्यातील अन्न. २०२२ मध्ये राज्य शासनाने १ मे रोजी बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले तेव्हा ते सन्मानाच्या पंक्तीला बसले. प्रमाण हिंदीत मात्र ‘बासी’ म्हणजे शिळे, आणि मराठी माणूस हिंदीच्या वाटेने आला तर त्याच्या तोंडी ‘शिळा भात’ येतो. ‘बासी खाल्ली का?’ या जिव्हाळ्याच्या विचारपुशीचे मराठी ‘शिळं खाल्लं का?’ असे झाले तर विचारणाऱ्याचा हेतू पार उलटतो. तेथे ‘न्याहारी झाली का?’ हेच खरे भाषांतर, भाताचा त्यात उल्लेख नसला तरी.

हे सारे लक्षात घेता नित्याच्या उक्तींचा इंग्रजी-मराठी कोश करावयाचा झाल्यास त्याची मांडणी निराळी लागेल. मोल्सवर्थ आणि कँडी यांनी १८४७ मध्ये इंग्रजी-मराठी कोश सिद्ध केला तेव्हा एका इंग्रजी शब्दापुढे मराठीच्या अनेक छटा ठेवण्याची वाट त्यांनी घालून दिली. नित्याच्या उक्तींसाठी त्याच्या पुढे जाऊन बोलणारा कोण, ऐकणारा कोण, प्रसंग कोणता आणि उत्तर काय, एवढे चार रकाने हवेत. प्रशासनाच्या परिभाषेसाठी या प्रांतात पूर्वी मोठे श्रम झाले. रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री असताना डॉ. रघुवीर यांनी नागपुरात हजारो पारिभाषिक संज्ञा घडवल्या, आणि शुक्ल हे तर रायपूरचेच. परंतु कचेरीची भाषा घडवता येते; उंबरठ्याची भाषा घडवता येत नाही, ती ऐकूनच नोंदवावी लागते. रायपुरातील जुन्या मराठी घरांत ती ऐकणारे आणि बोलणारे अद्याप आहेत. ही नोंद आताच व्हायला हवी, कारण उक्ती जाते तेव्हा एकटी जात नाही, तिचे उत्तरही तिच्याबरोबर जाते.

दसऱ्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. या दिवशी सोने म्हणून पाने वाटण्याची चाल छत्तीसगडात रुजवण्याचे श्रेय तेथील इतिहासग्रंथांत बिंबाजी भोसल्यांना दिले जाते. आज मराठी नसलेली असंख्य घरेही रायपुरात ‘सोनपत्ती’ देतात आणि थोरांच्या पाया पडतात. पान हाती ठेवताना मराठी घरात ‘सोनं घ्या, सोन्यासारखे राहा’ असे म्हणतात. शेजारच्या हिंदी घरात तेच पान ‘दशहरे की बधाई’ म्हणून दिले जाते, आणि मराठी घरातील तरुण पिढी ते ‘हॅपी दसरा’ म्हणून देते. ‘हॅपी दसरा’चे उत्तर ‘सेम टू यू’. ‘सोनं घ्या’ म्हणणाऱ्या धाकट्याच्या डोक्यावर मात्र थोरांचा हात येतो, आणि त्यासोबत ‘मोठा हो’ हे शब्द येतात.